अहो, पोट म्हणजे नक्की कुठे?

मी महाडला शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेचा तक्ता भिंतीवर टांगला की दरवर्षी पहिला प्रश्न मीच विचारते, "जठर कुठे असतं?" आणि दरवर्षी अख्खा वर्ग बेंबीवर हात ठेवून मोकळा होतो. मग एकेकाचा हात धरून मी वर सरकवते. बरगड्यांच्या खाली, जरा डावीकडे. जठर इथे, बाळांनो. बेंबीभोवती आहेत ती आतडी. आपण ज्याला पोट म्हणतो ती अख्खी चाळ झाली, आणि जठर ही तिच्यातली वरच्या मजल्यावरची एक खोली. नुसतं "पोटात दुखतंय" म्हणणं म्हणजे "चाळीत भांडण लागलंय" म्हणण्यासारखं आहे. कुठल्या खोलीत ते सांगा, मग बघू.

हे चाळीचं उदाहरण मला फार आवडतं. घरी मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण माझ्या नवऱ्याला पोट या शब्दाचीच धास्ती बसली होती. ती का बसली हे आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल.

नवरा महाडलाच एका कचेरीत क्लार्क आहे. त्याचं गाव पोलादपूरच्या वर, उमरठच्या बाजूला, डोंगरातली एक वाडी. तिथे आमचं कौलारू घर आहे. सुट्टीला जातो, केर काढतो, परत येतो. त्या घराला लागून धाकट्या दिराची जागा. दीर मुंबईला नोकरीला. त्याने तिथे स्लॅबचं घर बांधायला काढलं, दोन मजली, दर्शनी भागाला चकचकीत टाइल्स. आम्हाला आनंदच झाला. निदान आम्ही तसं सगळ्यांना सांगत होतो.

मग स्लॅबच्या पाण्याची पन्हळ बसवली, आणि तिचं तोंड नेमकं आमच्या अंगणाकडे. नवरा अंगणात उभा राहून वर बघून ओरडला, "अरे, तुझ्या घराचं पाणी माझ्या दारात?" दीर वर स्लॅबवर. खाली गवंडी, बिगारी, आणि आवाज ऐकून जमलेली निम्मी वाडी. शब्दाला शब्द वाढला. शेवटी दीर वरून म्हणाला, "दादाच्या पोटात दुखतंय, दुसरं काय!"

झालं. वाडीला एवढं पुरलं. नवरा स्टँडवर दिसला की कोणीतरी विचारणारच, "काय साहेब, पोट काय म्हणतंय?" एकाने तर पोलादपूरच्या बाजारात त्याच्या हातात ओव्याची पुडी ठेवली. तेव्हापासून नवऱ्याने पोट हा शब्द टाकला. जेवून उठला की पोटभर जेवलो म्हणायचा नाही, "भरपूर झालं" म्हणायचा. कोणाचं पोट सुटलं म्हटलं तरी हा इकडेतिकडे बघायचा. दोघा भावांचं बोलणं बंद झालं. फोन आला तर माझ्या मोबाइलवर, माझ्यामार्फत.

आता खरं सांगायचं तर दुखत होतंच. त्याच्याही आणि माझ्याही. आमची कौलं माकडांनी उचकटलेली आणि शेजारी तो आरशासारखा महाल. माणसाला वाटतंच. पण ते असं स्लॅबवर उभं राहून चारचौघांत बोलायचं?

त्या घराची वास्तुशांत ठरली. दिराचा मलाच फोन आला. "वहिनी, दादाला आणा हं. तो नाय आला तर मला पूजेला बसवणार नाय." नवऱ्याने पेपरातून मान वर न काढता "जाऊ" म्हटलं, आणि त्याच दिवशी कपाटातला ठेवणीतला सदरा इस्त्रीला टाकला.

वास्तुशांतीच्या सकाळी त्याने नुसता चहा घेतला, तोही अर्धा. एसटीत गप्प. मला वाटलं, भावाचं घर बघायचं म्हणून तोंड उतरलंय. वाडीत पोचलो, पूजा सुरू झाली, भटजींचा आवाज चढला, आणि बघते तर नवरा खुर्चीत अर्धा दुमडून बसलाय. मला खुणेने पाण्याच्या टाकीमागे बोलावलं.

"ऐक. ओरडू नको."

"मी कधी ओरडते?" मी ओरडले. माझं माहेर तुडीलचं. सावित्रीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारत वाढलेल्या बाईला हळू बोलता येत नाही.

त्याने चारी बाजूंना बघितलं आणि कुजबुजला, "माझ्या पोटात दुखतंय."

आणि देवा शप्पथ, मी हसले. तोंडाला पदर लावला तरी फसकन हसू बाहेर आलंच. भावाची वास्तुशांत, आणि ह्याच्या पोटात दुखतंय!

"बघ," तो म्हणाला. "तू घरची, तू हसतेस. बाहेरचे काय करतील?"

तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. माझं हसू जिथल्या तिथे विरलं. मी लगेच शाळा भरवली.

"कुठे दुखतंय? जठराशी की खाली?"

"अगं, पोटात."

"अहो, पोट म्हणजे नक्की कुठे?"

"पोट म्हणजे पोट! आता काय तक्ता टांगू तुला इथे?" आणि त्याने बरगड्यांपासून पट्ट्यापर्यंत सगळीकडून हात फिरवला. अख्खी चाळ!

"जळजळतंय का? आंबट ढेकर येतात का? पित्ताचं असेल तर वर, इथे जळेल."

"हो हो, तिथेच जळतंय. काल तुझी सुकटीची चटणी खाल्ली ना, पित्तच." हात लगेच वर. वर्गातला ढ मुलगा जसा बाईंच्या तोंडाकडे बघून उत्तर बदलतो, तसं चाललं होतं. पित्त म्हटलं की इज्जत राहते. पित्त साहेबांनाही होतं.

पण हात वर असला तरी दुसरा हात बेंबीपाशीच होता. मी म्हटलं, तो हात काय करतोय तिथे? तर म्हणे, सहज.

तेवढ्यात काकी आल्या. काकी म्हणजे ह्यांची चुलती, माझी चुलत सासू. वाडीतलं सगळं दुखणंखुपणं त्यांच्या नजरेखालून जातं. "काय झाला गो बाय? ह्यो असा वाकून का चालतोय?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "कंबर, काकी. उसण भरलीय."

अशी ती कंबर जन्माला आली. वाकलेला तर होताच, काकींना पटलं. आणि कंबर म्हटल्यावर वाडी धावून आली. पोट म्हणाला असता तर हसली असती, कंबर म्हणाला म्हणून हळहळली. एकजण म्हणाला शेक द्या, दुसरा म्हणाला बाम लावा. काकींनी मात्र सगळ्यांना गप्प केलं. "पायाळू कोण हाय वाडीत?"

जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले ती पायाळू, आणि तिने पाठीवर पाय मारला की उसण पळते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. शेजारची नवी सून पायाळू निघाली. बिचारीला पंगतीची वांगी चिरता चिरता उठवून आणली. मोठ्या माणसाला पाय कसा लावू म्हणून ती लाजून चूर. काकी म्हणाल्या, "औषध हाय ते, पाप नाय. मार!" नवऱ्याला नव्या टाइल्सवर पालथं घातलं. पालथं! पोटावर!

त्याने दात आवळले. त्या पोरीने अगदी हलकेच पाय टेकवला, आणि नवऱ्याच्या घशातून असा आवाज निघाला की भटजी मंत्र विसरले.

"बघा," काकी खूश झाल्या, "उसण निघतेय."

मला असा संताप आला म्हणून सांगू! विज्ञानाच्या बाईचा नवरा, आणि त्याला पंगतीच्या आधी वाडीदेखत लाथ बसतेय, का, तर पोट म्हणायची लाज. मी त्याला हाताला धरून उठवला. उठताना तो उजवा पाय आखडून घेत होता. आणि हात, त्याच्याही नकळत, पोटावर खाली उजवीकडे गेला होता. बेंबीपाशी नाही. त्याच्याही खाली.

तिथे जठर नसतं, एवढं नक्की. तिथे काय असतं तेही मला आठवलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक छोटीशी शेपटी असते, आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स. मुलं आकृतीत ती काढायला विसरतात आणि मी अर्धा गुण कापते. तो अर्धा गुण आता नवऱ्याच्या पोटात बसलाय हे लक्षात आलं.

त्याला कोपऱ्यात घेतलं. "आत्ताच्या आत्ता महाडला. दवाखान्यात."

"पूजा होऊ दे, जेवणं होऊ देत. भावाच्या वास्तुशांतीतून मोठा भाऊ पोट धरून उठून गेला, असं झालं तर लोक काय म्हणतील?"

"आणि मेलात तर काय म्हणतील?"

तो म्हणाला, "तेच म्हणतील. पोटात दुखून मेला."

काय बोलायचं ह्या माणसापुढे? मला हसूही आलं आणि रडूही. पण एक गोष्ट कळून चुकली की कंबरेवाचून हा माणूस इथून हलणार नाही. मी सरळ पूजेपाशी गेले. "भावजी, ह्यांची कंबर पार धरलीय. गाडी काढा."

दीर सोवळं नेसून पाटावर बसला होता. आरती नुकतीच झाली होती, बाहेर पंगत बसत होती, आणि यजमान हाच. त्याने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा भावाकडे, आणि उठला. सोवळ्यावरच शर्ट चढवला. "टेन्शन नका घेऊ वहिनी," म्हणत किल्ली शोधायला लागला. मुंबईहून आणलेली गाडी होती, आरशाला हार तसाच.

मागच्या सीटवर नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर, गुडघे पोटाशी. डोंगर उतरताना वळणावळणाला तो माझं मनगट आवळत होता. दोघे भाऊ पन्हळीनंतर पहिल्यांदाच इतक्या छोट्या छपराखाली होते, म्हणजे गाडीच्या. पोलादपूर मागे पडलं, हायवे लागला, तरी कोणी बोलेना. शेवटी दीर आरशात बघत म्हणाला, "दादा, कंबरच ना?"

"कंबरच."

मी म्हणणार होते. जिभेच्या टोकावर होतं. पण नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गिळलं. म्हटलं, महाड येतंय, डॉक्टरच्या कानात सांगीन, मरू दे ती कंबर.

महाड आलं. आणि दवाखान्याकडे वळायचं सोडून गाडी सरळ निघाली.

"अहो भावजी, कुठे?"

"वहिनी, मी काय म्हणतो, कंबरेला डॉक्टर काय करणार? गोळ्या देणार. त्यापेक्षा सवच्या झऱ्यांवर नेतो. गरम कुंडात तासभर बसवू, सगळं मोकळं होईल. माझ्या सासऱ्यांना तिथेच फरक पडला."

आणि माझ्या मांडीवरून बारीक आवाज आला, "चालेल."

चालेल! पोटात ती शेपटी फुटायच्या बेतात, आणि हा गृहस्थ सवच्या गरम पाण्यात बसायला निघालाय! माझ्या डोळ्यांसमोर ते कुंड आलं, वाफ आली, आणि त्यात हा. कंबर कंबर करत माझा नवरा हातचा जाणार! तुडीलचा आवाज काढायला मी छाती भरून श्वास घेतला, आणि तेवढ्यात गाडी गतिरोधकावरून उडाली.

नवरा किंचाळला. "पोट! अरे पोट! पोटात दुखतंय रे माझ्या!"

काचा खाली होत्या. नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवरची माणसं वळून बघायला लागली. रिक्षावाले बघायला लागले. जे वाक्य टाळायला ह्याने लाथ खाल्ली, ते त्याने भर महाडात, भावासमोर, बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं होतं.

दिराने ब्रेक मारला. आता हा हसला तर मी दरवाजा उघडून निघून जाणार होते, नवऱ्याला खांद्यावर घेऊन.

तो हसला नाही. मागे वळला, आणि त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. "सकाळपासून? दादा, सकाळपासून पोटात दुखतंय आणि कंबर कंबर काय करतोयस? मी तेव्हा बोललो म्हणून?"

नवऱ्याने माझ्या पदरात तोंड खुपसलं. दिराने तिथल्या तिथे गाडी वळवली, मागचे हॉर्न मारत राहिले.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. "काय होतंय काका?"

"पोटात दुखतंय," नवरा म्हणाला. एकदा बांध फुटल्यावर आता तो थांबेना. "पोटात दुखतंय हो डॉक्टर. पोटात."

"पोटात म्हणजे नक्की कुठे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. अशा वेळी बघू नये, पण बघितलं.

तिने वर बरगडीखाली दाबलं. तिथे काही नाही. बेंबीपाशी दाबलं, तर म्हणाला, पहाटे इथून सुरू झालं. मग खाली उजवीकडे दाबून एकदम हात उचलला, आणि नवरा पलंगावरून उडालाच. डॉक्टर म्हणाली, सुरुवातीला असंच बेंबीभोवती मोघम दुखतं, म्हणून माणसं जठराचं समजतात, पित्ताच्या गोळ्या खात बसतात, आणि मग ते खाली उतरतं. आणखी उशीर झाला असता तर आतच फुटलं असतं. "घरी काही उपाय केलात का?" तिने विचारलं. मी पायाळूचं सांगितलं. सवचंही सांगितलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि ती नर्सला म्हणाली, "ऑपरेशनची तयारी करा."

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. दीर अजून सोवळ्यातच होता, येणारेजाणारे त्याला भटजी समजत होते. मी देवाचं नाव घेत होते आणि मधेच त्याच्या पन्हळीला शिव्याही घालत होते, मनातल्या मनात. इतके महिने साठलेलं होतं. म्हटलं, एकदा आतून बरी बातमी येऊ दे, मग ह्याला असा झाडते.

त्याचा फोन वाजला. वाडीतून काकी.

"हां काकी. नाय, काय नाय, घाबरू नका. कंबरच. मणक्याचा प्रॉब्लेम निघाला. हां, ॲडमिट केलाय. नाय नाय, पोट कशाला? पोट एकदम झकास हाय त्याचं. कंबर, कंबर."

मी बघतच राहिले. फोन लागोपाठ येत होते, आणि हा प्रत्येकाला कंबर सांगत होता, दर फोनला मणका आणखी थोडा सरकवत होता. शेवटी फोन खाली ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, पोट म्हटलं तर वाडी त्याला जन्मभर सोडणार नाय. माझ्या तोंडातून गेला होता तो शब्द. आता मीच बुजवतो."

मला जे झाडायचं होतं ते काही आठवेना. मी रडायला लागले, आणि तो घाबरून पाणी आणायला धावला. पन्हळीचं तोंड अजून आमच्या अंगणाकडेच आहे, हेही सांगून ठेवते. पण तिचं पाणी मला आता तितकं लागत नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी आणल्यावर वाडी महाडला बघायला आली. काकींनी निर्गुडीचा पाला आणला, भाराभर. कोणी तेल आणलं, कोणी शेकायला वाळूची पुरचुंडी, एकाने आपला वापरलेला कंबरपट्टा धुऊन आणला. नवरा उताणा पडून "आई गं, कंबर" म्हणत होता, अगदी मन लावून. दीर मुंबईहून मुद्दाम आला होता आणि खुर्चीत गंभीर चेहरा करून बसला होता.

काकींनी तेल तळहातावर घेतलं. "पालथा हो रे."

आमच्या तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. टाके सगळे पुढे!

"पालथं नाय करायचं काकी," दीर पटकन म्हणाला. "मुंबईची नवीन पद्धत हाय. आता कंबर पुढून दुरुस्त करतात."

काकी तेलाचा हात तसाच धरून विचार करायला लागल्या. नवऱ्याचे खांदे हलायला लागले. त्याने ओठ दाबले, छताकडे बघितलं, उशी तोंडावर घेतली, पण हसू काही आवरेना. टाक्यांना ओढ बसली तसं त्याने दोन्ही हातांनी पोट धरलं.

"अरे हसवू नको रे! पोटात दुखतंय माझ्या! तुझ्यामुळे पोटात दुखतंय!"

वाडीतला एकूण एक माणूस नवऱ्याकडे बघत होता, मग दिराकडे. दीर खुर्चीत पार वाकला होता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"दुखू दे दादा," तो म्हणाला. "माझ्याही दुखतंय."

पोटात म्हणजे नक्की कुठे, हे मी त्या दिवशी दोघांनाही विचारलं नाही.